पाहिजे : न प्यालेला दारुडा

मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी कानावर सुताराची पेन्सिल अडकवलेला एक काटकुळा माणूस स्टाफरूममध्ये माझ्यापाशी आला. त्याने मधल्या बोटाच्या पेराने माझ्या डोक्यावर दोनदा टकटक केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "भरीव आहे. पण ओलं आहे अजून. वाळू दे."

मी एमएस्सी गणित, पहिल्या वर्गात पास. माझं डोकं चारचौघांत कुणी फणसासारखं ठोकून बघावं हे मला अजिबात खपलं नाही. चांगलं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तो खुर्ची, कपाट, भिंतीवरचं घड्याळ ठोकत दारापर्यंत पोचलासुद्धा होता.

हा आमचा कार्यानुभवाचा शिक्षक. कार्यानुभव म्हणजे त्याच्या बाबतीत सुतारकाम, दुसरं काही नाही. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं राज्य. मूळचा राजापूर तालुक्यातला, नाटे गावचा. वय माझ्याएवढंच. पोरं त्याला ठोकेसर म्हणत. खरं नाव मी सांगणार नाही. रत्नागिरीकरांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना ते कळून काय करायचंय?

ठोकण्यातून कुणाची सुटका नव्हती. नवरीमुलगी बघायला गेला तरी आधी दाराची चौकट ठोकणार, मग नवरीच्या बापाची पाठ. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब फार लांबलचक बोलायला लागले, तर हा मागून उठला, साहेबांच्या टकलावर हलकेच टकटक केलं आणि मोठ्याने म्हणाला, "पोकळ." हेडसरांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. साहेब मात्र हसले. निदान हसल्यासारखं केलं.

दुसरं म्हणजे त्याला एका जागी बसवत नसे. स्टाफ मीटिंगला हा उभा. उभाही सरळ नाही, या पायावरून त्या पायावर. डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय दुरुस्त करून येणार आणि काय दुखतंय ते सांगायचं विसरणार. मी म्हणायचो, "अरे, ढुंगणाखाली मुंग्या आहेत का तुझ्या?" तर म्हणे, "गणित, झाड एका जागी उभं राहतं. मग त्याचं काय होतं? माझ्यासारखा येतो आणि कापतो." मला तो गणितच म्हणायचा. नाव घेऊन कधीही नाही.

आणि तो प्यायचा. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसत्या गमती सांगतोय. गंमत नव्हती ती. आधी शनिवारची होती, मग रोज संध्याकाळची झाली आणि पुढे पुढे सकाळचीही. सकाळी हात इतके थरथरत की खिळा धरवत नसे. घोट पोटात गेला की तेच हात स्थिर, आणि मग लाकडाच्या सांध्यात कागद शिरणार नाही असं काम. म्हणजे हात थांबावेत म्हणून पिणार आणि प्यायल्यामुळेच दुसऱ्या दिवशी हात थरथरणार. चारदा सोडली, चारदा धरली. एका गॅदरिंगला तो रंगमंचाच्या मागे, स्वतःच केलेल्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर आडवा झालेला सापडला. पालकांनी पाहिलं, पोरींनी पाहिलं. मी त्याला उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी असा काही झापला की माझीच मला लाज वाटली. कारण झापताना मला बरं वाटत होतं. मी साधी सुपारी खात नाही, आणि ही गोष्ट गावात कुणाला माहीत नसेल तर मी सांगतो.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. गणपतीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात एक तरुण बाई उभी. आमचीच माजी विद्यार्थिनी, आता मुंबईला मानसोपचाराची डॉक्टर. शाळेत असताना मुलींना शिवणकाम आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी होती. ही एकटी हट्ट करून शेडमध्ये गेली आणि ठोकेसरांनी तिचं डोकं ठोकून "सागवान आहे, येऊ दे" म्हणून आत घेतलं. तिच्या हातची पेटी अजून प्रयोगशाळेत आहे.

ती आली होती आई-वडिलांना भेटायला, पण काम वेगळंच काढलंन. जरा चाचरतच म्हणाली, "सर, मी एका संशोधनावर काम करतेय. मला माणसं हवी आहेत. पिणारी."

स्टाफरूममध्ये सगळे एकदम वह्या तपासायला लागले.

तो मात्र पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, "काय गो बाय, सांग नीट. काय करणार पिणाऱ्यांचं?"

तिने सांगितलं ते मला जेवढं समजलं तेवढं असं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. मन, झोप, भूक, सगळ्यात त्याचा हात. ते पेशींवर ठरावीक जागी जाऊन बसतं, त्या जागांना म्हणायचं रिसेप्टर. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या मेंदूत या जागा इतरांपेक्षा कमी असतात की जास्त, हे तिला आणि तिच्या वरिष्ठांना बघायचं होतं. त्यासाठी शिरेतून एक औषध द्यायचं. त्याला किंचित किरणोत्सर्गी खूण केलेली असते. ते जाऊन त्या जागांवर बसतं आणि बाहेरून यंत्र त्याचं चित्र काढतं.

"म्हणजे पंगतीला पाट किती मांडलेत ते मोजायचं," तो म्हणाला.

"तसंच, सर!"

"आणि डोकं न फोडता."

"न फोडता."

तो खूश झाला. जन्मभर बाहेरून डोकी ठोकण्यात गेलेला माणूस तो. आतलं दिसणार म्हटल्यावर डोळे चकाकले त्याचे. पण तिने पुढे अटी सांगितल्या. माणूस पक्का व्यसनी हवा. मात्र स्कॅनच्या आधी सलग तीस दिवस थेंब नाही. मध्ये तपासण्या होतील, स्कॅनच्या दिवशी सकाळी नळीत फुंकर मारून घेतील, आणि जरा जरी आढळलं तरी परत पाठवतील. शिवाय यंत्रात दीड तास डोकं हलवायचं नाही. हललं की चित्र वाया.

"सर, आणखी एक स्पष्ट सांगते," ती म्हणाली, "हा उपचार नव्हे. तुम्हाला याचा फायदा होईल असं मी म्हणत नाही. कधीही नको वाटलं तर सोडून द्यायचं, मी काही म्हणणार नाही."

त्याने पेन्सिल पुन्हा कानावर अडकवली.  मग म्हणाला, "आवशीचा घो! पंचवीस वर्षं जो तो मला सांगतोय, तू पितोस म्हणून तू कामाचा नाहीस. ही पहिली पोर, जी म्हणते पितोस म्हणून कामाचा आहेस. पण पिऊन येऊ नको." आणि जे हसला, जे हसला! "जाहिरात दे गो पेपरात. पाहिजे, न प्यालेला दारुडा."

तुलनेसाठी त्याच वयाचे न पिणारेही लागतात, असं ती म्हणाली. मी ताबडतोब हात वर केला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, आपल्या निर्व्यसनीपणाची शास्त्रात नोंद होईल.

एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं असं तिने बजावलं होतं, म्हणून पहिले आठ दिवस तो इथल्याच एका इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधांवर. ते आठ दिवस मी लिहीत नाही. मी रोज संध्याकाळी जात होतो. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा. शाळा सुटली की तो शेडला कुलूप लावून थेट माझ्या घरी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "गणित, घाल रे उदाहरणं!" हात थरथरतायत, कपाळाला घाम, आणि हा पाटी घेऊन बसलाय. मी घालायचो. काळ-काम-वेग, त्रैराशिक, जे सुचेल ते. एक दिवस हौदाचं घातलं. वरच्या नळाने हौद इतक्या तासांत भरतो, खालच्या नळाने इतक्या तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ चालू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? त्याने खडू आपटलान.

"कसला रे मूर्ख माणूस हा! खालचा नळ आधी बंद कर म्हणावं!"

"अरे, उदाहरणात तसं नसतं."

"नसतं म्हणून काय झालं? ज्याला खालचा नळ बंद करता येत नाही त्याने हौद भरायला घेऊच नये." आणि मग एकदम त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते. पाटी माझ्या हातात दिली आणि उठून गेला. मला वाटलं, गेला हा आता गुत्त्यावर. चपला घालून मागोमाग धावलो.

गुत्ता मागे टाकून तो किनाऱ्याकडे वळला. खडकावर जाऊन बसला, खिशातून दोरा आणि गरी काढली, गरीला आमिष लावून पाण्यात सोडली. गरवायला बसला. मी वीस पावलांवर उभा. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिलाच नव्हता. मी शाकाहारी, त्याच्या या छंदाकडे मी कधी फिरकलोही नाही. तो हलतच नव्हता. पापणीसुद्धा नाही. एक खेकडा त्याच्या पायावरून गेला तरी नाही. अंधारायला आलं तेव्हा दोरा गुंडाळून उठला, मला बघून म्हणाला, "मासे शुद्धीवर असलेल्या माणसाला जास्त लागतात असं काही नाही हां. आज एकही नाही."

असे एकोणतीस दिवस गेले. निघायच्या दिवशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्टेशनवर आली होती. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन मला म्हणाली, "भावोजी, जाताना जसे नेताय तसेच परत आणा." 

तिसाव्या दिवशी सकाळी मुंबईच्या इस्पितळात त्याने नळीत फुंकर मारली. यंत्रावर शून्य आलं. तो म्हणाला, "परत मारू?" त्याला त्या शून्याचं फार अप्रूप वाटलं होतं. नर्स म्हणाली, एकदा पुरे. तरी त्याने परत मारलीच.

मग मुखवटा. डोकं हलू नये म्हणून एक प्लास्टिकसारखा जाळीचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून बसवतात, गार झाला की चेहऱ्याच्या आकाराचा कडक होतो आणि खाटेला अडकवतात. याने तो आधी ठोकून बघितला. "कसला आहे गो हा? शाळेसाठी एक तुकडा दे." ती पोर हसता हसता थकली. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी मला दिसत होती. ते औषध त्याच इमारतीत सकाळी बनवलेलं, वीस मिनिटांत निम्मं होणारं. हा नेहमीसारखा चुळबुळला तर सगळंच वाया, आणि महिना पाण्यात. मी बाहेरच्या खोलीत काचेतून बघत होतो.

दीड तास. तो हलला नाही. पडद्याजवळ बसलेला तंत्रज्ञ दोनदा उठून आत डोकावून आला, माणूस जिवंत आहे ना म्हणून. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, इतका स्थिर माणूस आमच्याकडे आला नाही अजून."  अरे, हा आमचा ठोकेसर! मला ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्या इस्पितळाला.

दुपारी माझी पाळी. आता यात काय आहे, दीड तास नुसतं पडायचं, आपण तर निर्व्यसनी. मुखवटा अडकला, खाट आत सरकली, आणि पाचव्या मिनिटाला मला वाटलं कुणीतरी मला जिवंत पुरतंय. नाक खाजायला लागलं, छाती धडधडायला लागली. औषध अजून दिलंही नव्हतं. हातात दिलेली घंटा मी दाबली, दाबतच राहिलो. बाहेर काढलं तेव्हा माझा सदरा घामाने चिंब. रत्नागिरीचा आदर्श पुरुष थरथर कापत होता, आणि त्याला पाणी पाजत कोण होतं? दारुडा.

"काही हरकत नाही सर," ती म्हणाली, "राहू दे. औषध थोड्या वेळाने तयार होईल, पण तुम्हाला नको असेल तर नको."

मी नकोच म्हणणार होतो. पण हा माझ्या शेजारी टेकला. झापलं नाही. मी त्याला झापलं होतं, त्याने नाही. हळू आवाजात म्हणाला, "गणित, तू मासे खातोस?"

"नाही, तुला माहीत आहे."

"मग झालं तर. खडकावर बस. दोरा पाण्यात सोड. तुला मासा नकोच आहे, मग घाई कसली? ज्याला मासा हवा असतो तो हलतो. मी तीस दिवस हेच केलंय. तल्लफ येते, मी म्हणतो, ये, बस शेजारी. मला कुठे काय हवंय? थोड्या वेळाने कंटाळून जाते."

मी परत आत गेलो. तिने त्याला बाहेर माइकपाशी बसू दिलं, मात्र बडबड करायची नाही, अगदी गरज पडली तरच बोलायचं, या अटीवर. डोळे मिटून मी खडकावर बसलो. दहा-दहा मिनिटांनी यंत्रातल्या भोंग्यातून त्याचा आवाज यायचा, "अजून काही लागलं नाही. बस." बास, एवढंच. पुन्हा शांतता. पुन्हा, "लागलं नाही. बस." शेवटी एकदा म्हणाला, "चल, गुंडाळ दोरा," आणि खाट बाहेर सरकली. माझं चित्र पुरं झालं होतं.

निघण्यापूर्वी तिने पडद्यावर दोन्ही चित्रं दाखवली. लाल, पिवळे, निळे डाग. तो पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"यातला दारुडा कुठला?"

"नुसतं बघून नाही सांगता येत, सर. एकेकट्या चित्रावरून काहीच ठरत नाही. पुष्कळ जणांची मोजमापं एकत्र केली तर कदाचित फरक दिसेल. कदाचित नाहीही दिसणार."

"म्हणजे आमच्या दोघांचं अदलाबदल झालं तरी कळायचं नाही?"

"फायलीवर नंबर आहे म्हणून कळेल."

तो माझ्याकडे बघून असा हसला की मीही हसलो. माझा तोरा तिथेच त्या पडद्यापुढे उतरला, आणि उतरल्याचं मला वाईट वाटलं नाही.

पुढे कित्येक वर्षं लोक मला विचारायचे, "काय हो, त्या मशीनने सुटली म्हणे त्याची?" मशीनने कुठे सुटते रे बाबा! त्या मशीनने नुसता फोटो काढला. तीस दिवसांची बोली होती आणि ती त्या दुपारी पुरी झाली. परतीच्या गाडीत मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, आणि तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. दारू कशी सुटली ते मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं.

मधली सुट्टी. स्टाफरूम खच्चून भरलेली. हेडसर मुद्दाम येऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी याला दोनदा लेखी ताकीद दिलेली, आणि हा आठवडाभरही टिकणार नाही असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"काय निघालं मग तुमच्या मेंदूत?" त्यांनी विचारलं.

"एकट्याच्या चित्रावरून काही सांगता येत नाही म्हणाली."

"म्हणजे महिनाभर एवढे हाल काढलेत आणि हाती काहीच लागलं नाही."

त्याने चहाचा कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही. हात बघत होतो मी त्याचे.

"सर, तीस दिवस मी त्या पोरीला कबूल केले होते. ते काल दुपारी संपले. काल दुपारपासून मला कोणी अडवलेलं नाही. तिने नाही, बायकोने नाही, या गणितानेही नाही. कुणी फुंकर मारायला सांगणार नाही की रक्त काढणार नाही." तो चक्क एका जागी उभा होता, दोन्ही पायांवर. "आज एकतिसावा आहे, सर. हा कोणी मागितलेला नाही. हा माझा."

हेडसर खुर्चीतून उठून उभे राहिले. मग आम्ही सगळेच उठलो.